मालकाच्या खुर्चीतला नोकर

व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडच्या खेड्यांत वर्षातले दोन दिवस कुणी विसरत नसे. एक २५ मार्च, म्हणजे लेडी डे; दुसरा २९ सप्टेंबर, म्हणजे मायकेलमस. या दोन दिवशी शेताचा सहामाही खंड देय व्हायचा. प्रत्यक्ष वसुली पुढे काही आठवड्यांनी, आणि बहुतेक इस्टेटींवर तीही मागल्या सहामाहीची. नवा शेतकरी शेतावर आला की बी-बियाणं, जनावरं, अवजारं यांत त्याचं भांडवल अडकलेलं असे. म्हणून पहिला हप्ता त्याच्या अंगावर ठेवायची रीत पडली होती. तो हप्ता मग शेत सोडेपर्यंत मागेच राहायचा.

वसुलीच्या दिवशी इस्टेटीच्या कचेरीत, नाहीतर गावातल्या खानावळीत टेबल मांडलं जाई. टेबलामागे कारभारी, शेजारी कारकून, पुढ्यात खतावणी. शेतकरी रविवारचा कोट चढवून एकेक करून आत येत. नोटा, सोन्याची नाणी, गावच्या बँकेवरचा चेक, जे असेल ते पुढे ठेवायचं; परवानगीने केलेल्या डागडुजीचा खर्च वजा करून घ्यायचा आणि पावती खिशात टाकायची. खरं बोलणं पावतीनंतर सुरू होई. गोठ्याचं छप्पर गळतंय. फाटक मोडलंय. मालकाच्या सशांनी सलगम फस्त केले. खालच्या वावरात पाणी साचतं. थोरला मुलगा आता हाताशी आलाय, शेजारचं शेत रिकामं होणार असेल तर आमचाही विचार व्हावा. कारभारी सगळं ऐकून घेई. त्यातलं एखाद-दोन वहीत टिपे, बरंचसं टिपत नसे. मग मालकाच्या खर्चाने जेवण: भाजलेलं गोमांस, प्लम पुडिंग, भरपूर बियर, शेवटी मातीच्या चिलमी. मालकाला आयुरारोग्य चिंतून पेले उंचावले जात. मालक स्वतः बहुधा लंडनला, नाहीतर स्कॉटलंडात शिकारीला. टेबलाच्या टोकाला, त्याच्या खुर्चीत, बसलेला असे तो हा कारभारी.

त्याला कुणी स्टुअर्ड म्हणत, कुणी लँड एजंट, स्कॉटलंडात फॅक्टर. इंग्रजी मालिकांमुळे आपल्याला हवेलीतला बटलर ठाऊक असतो, चांदीची भांडी मोजणारा हाऊस स्टुअर्डही ठाऊक असतो. हा त्यांच्यातला नव्हे. ‘डाऊन्टन ॲबी’त शोफर ब्रॅन्सन पुढे ज्या कामावर लागतो, ते हे काम. हवेलीचा थाट ज्या पैशावर चाले, तो पैसा हा माणूस जमिनीतून काढून देई.

आणि जमीन तरी किती! १८७२ मध्ये लॉर्ड डर्बी यांनी सरदारांच्या सभागृहात मागणी केली की देशातल्या जमीनमालकांची एकदा शिरगणती होऊन जाऊ द्या. जमीन मूठभरांच्या हातात आहे असा जहालांचा ओरडा होता, तो खोटा पाडायचा होता. शिरगणती झाली, आकडे छापले गेले आणि डाव उलटला. सात हजारांहून कमी माणसांकडे ब्रिटन आणि आयर्लंडमधली सुमारे चार-पंचमांश जमीन निघाली. जॉन बेटमन नावाच्या जमीनदाराने हे आकडे तपासून, चुका काढून बड्या मालकांचं एक पुस्तकच केलं. त्यात ड्यूक ऑफ सदरलंड यांच्या नावावर साडेतेरा लाखांहून अधिक एकर आहेत, ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या नावावर दोन लाखांच्या जवळपास. एवढा पसारा कुणा ड्यूकला घोड्यावरून फिरून पाहता येणार नव्हता, आणि पाहायची हौसही क्वचितच असे. शिवाय कायद्याने तो पुरता मालकही नसे. घराण्याच्या करारनाम्यांनी जमीन अशी बांधून ठेवलेली असे की हयातीपुरतं उत्पन्न खायचं, विकायचं नाही. त्या उत्पन्नातून आईचा निर्वाह, बहिणींचे हुंडे, धाकट्या भावांचे वाटे आणि वाडवडिलांच्या कर्जाचं व्याज भागवायचं. ही सगळी तोंडमिळवणी कारभाऱ्याच्या वहीत व्हायची.

या जमातीतल्या एका माणसाला जवळून पाहता येतं, ते त्याच्या मुलीमुळे. रॉबर्ट इव्हान्स १७७३ मध्ये डर्बीशरमध्ये जन्मला. बाप सुतार, हाही सुतारच. न्यूडिगेट घराण्यातल्या फ्रान्सिस पार्कर यांच्याकडे तो कामाला लागला, आणि १८०६ मध्ये त्यांना वॉरिकशरमधली आर्बरी हॉलची इस्टेट मिळाली तेव्हा त्यांच्याबरोबर तिकडे गेला. पुढे शेजारच्या लॉर्ड एल्सफर्ड यांच्यासारखे जमीनदारही त्याच्याकडून काम करून घेऊ लागले. इमारत, खाण, लाकूड, मोजणी, किंमत ठरवणं, सगळं एकाच माणसाला कळत होतं. एरवी प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा तज्ज्ञ बोलावून वेगळी फी मोजावी लागे. १८१९ मध्ये आर्बरीच्याच आवारातल्या शेतघरात त्याला मुलगी झाली, मेरी ॲन. वडिलांच्या घोडागाडीत बसून ती लहानपणी शेतं, खाणी, झोपड्या आणि हवेल्या पाहत हिंडली. पुढे ती जॉर्ज एलियट या नावाने लिहू लागली. ‘मिडलमार्च’मधला केलेब गार्थ तिने बापावरूनच घडवला, असं सर्वमान्य मत आहे. इंग्रजी कादंबरीत कारभारी म्हटला की बहुधा लबाड, मालकाचं खाऊन गब्बर झालेला. गार्थ त्याला सणसणीत अपवाद. चांगलं काम हाच त्याचा धर्म, आणि पैशाच्या बाबतीत मात्र पुरता भोळा.

इव्हान्स १८४१ मध्ये निवृत्त झाला आणि मुलगा आयझॅक त्याच्या जागी बसला. धंदा असाच चाले. बापाच्या मागे घोड्यावरून फिरायचं, कुठल्या शेताची माती कशी, कुठलं कूळ कसं, हे कानांनी शिकायचं. पुस्तकं होती, जॉन लॉकहार्ट मॉर्टन यांचं इस्टेटीच्या उत्पन्नाच्या वाटांवरचं जाडजूड पुस्तक १८५८ चं. पण पुस्तक वाचून कारभारी झालेल्याकडे जुने शेतकरी जरा मिश्कीलपणेच पाहत.

दिवस सकाळच्या टपालाने सुरू होई. १८४० मध्ये पेनीची टपाल आली आणि मालकांची पत्रं वाढली. पूर्वी आठवड्याला एक येई, आता रोज येऊ लागली: कूळ कोण ठेवायचं, कुत्र्यांची घरं कुठे बांधायची, नव्या दिवाणखान्यासाठी पैसे कधी पाठवताय. उत्तरं लिहून झाली की घोडा. मोठ्या इस्टेटीच्या आवारात सुतारखाना, लोहारखाना, लाकूड चिरायची गिरणी, कुठे कुठे विटांची भट्टीही असे. तिथल्या माणसांना कामं वाटून द्यायची, मग शेतांवर. कुणी गहू काढून लगेच पुन्हा गहू तर पेरला नाही ना? गवताळ कुरण परवानगीशिवाय नांगरलं नाही ना? कडबा आणि गवत बाहेर विकलं नाही ना? भाडेपट्ट्यात या सगळ्याला मनाई असे. नॉरफोकच्या पद्धतीने गहू, सलगम, बार्ली, क्लोव्हर असं चक्र फिरवायचं आणि जनावरांना घालून उरलेलं शेणखताच्या रूपाने त्याच जमिनीत परत घालायचं. कूळ जमीन पिळून काढील आणि पाच वर्षांनी रिकामी करून निघून जाईल, या धास्तीपोटी ही कलमं घातलेली.

झाडांचं वेगळंच प्रकरण. बांधावरचा ओक मालकाचा, त्याची सावली मात्र कुळाच्या पिकावर. फांदी तोडायलाही परवानगी लागे. म्हणून शेतकऱ्याला झाड म्हणजे डोक्याला ताप आणि कारभाऱ्याला ती ठेव. मुलीच्या लग्नाला, हवेलीच्या नव्या छपराला पैसे लागले की जंगलातून चालत जाऊन झाडांवर खुणा करायच्या. ओक वसंतात तोडत, कारण खोडात रस चढला की साल सहज सुटते आणि ती कातडी कमावणाऱ्यांना वेगळी विकता येते. उभ्या झाडाकडे पाहून त्यात किती घनफूट लाकूड आहे हे सांगणं ही या धंद्यातली हातोटी होती, आणि सुताराचा मुलगा असलेल्या इव्हान्सला ती साधली होती.

मोजणीला साखळी लागे. एडमंड गंटरची साखळी ६६ फुटांची, १०० कड्यांची. तिचे १० चौरस म्हणजे एक एकर. तिच्या निम्म्या, ३३ फुटी लांबीचा चौरस केला की होतो तो आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे भरले की पुन्हा तोच इंग्रजी एकर. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी बसवली, तिथून सुरू झालेल्या मोजणीची खूण आजही सातबाऱ्यावर दिसते.

मात्र या पिढीच्या कारभाऱ्यांचं सर्वांत मोठं काम डोळ्यांना दिसत नाही, कारण ते जमिनीखाली चार फुटांवर आहे. इंग्लंडच्या मध्य भागातली चिकणमाती पावसाळी दिवसांत चिखलाचा गोळा होते. मुळं कुजतात, नांगर रुततो, मेंढ्यांना यकृताचा रोग होतो. उपाय एकच, खोल चर खणून तळाला मातीच्या नळ्या घालायच्या आणि वरून बुजवून टाकायचं. पूर्वी विटांवर कर होता, पण निचऱ्यासाठीच्या कौलांवर ‘ड्रेन’ असा शिक्का मारला तर १८२६ पासून करमाफी मिळे. इंग्लंडातल्या शेतांत नांगराला अजूनही कधीमधी अशी शिक्क्याची कौलं लागतात. १८४० च्या दशकात गोल नळ्या यंत्राने पाडता येऊ लागल्या आणि भाव कोसळले. चर किती खोल असावेत यावर भांडणं जुंपली. डीन्स्टनचे जेम्स स्मिथ म्हणत, अडीच फूट पुरे, पण जवळजवळ घाला. जोसाया पार्क्स म्हणत, चार फूट खोल जा आणि अंतर वाढवा. शेतीच्या मासिकांतून दोन्ही पक्षांनी एकमेकांवर इतकी शाई उधळली की वाचणाऱ्याला वाटावं, प्रश्न धर्माचाच आहे.

पैसा कुठून आणायचा, हा कारभाऱ्याचा प्रश्न. १८४६ मध्ये पंतप्रधान पील यांनी परदेशी धान्यावरची जकात उठवायचा कायदा केला. जमीनदार खवळले. त्यांची समजूत काढायला सरकारने त्याच वर्षी निचऱ्यासाठी कर्जाची थैली मोकळी केली: ब्रिटनसाठी २० लाख पौंड, आयर्लंडसाठी १० लाख. शंभर पौंड घेतले तर वर्षाला साडेसहा पौंड भरायचे, २२ वर्षांत मुद्दल-व्याज फिटलं. एकराला साधारण पाच पौंडांचा खर्च. कुळाला सांगायचं, नळ्या आम्ही घालतो, तू खर्चाच्या पाच टक्के रक्कम दरवर्षी खंडात वाढवून दे. म्हणजे साडेसहांतले पाच कुळाकडून सुटले, दीड मालकाच्या खिशातून, आणि २२ वर्षांनंतर वाढलेला खंड निव्वळ नफा. कागदावर झकास. पण ही २२ वर्षं पुरी व्हायच्या आतच गव्हाचा भाव पडला तर काय, हा विचार १८५० च्या दशकातल्या भरभराटीत फारसा कुणी केला नाही.

त्याच सुमाराला ‘द टाइम्स’ने जेम्स केअर्ड या स्कॉटिश शेतकऱ्याला देशभर हिंडून शेतीची पाहणी करायला पाठवलं. १८५०-५१ च्या त्या दौऱ्यात त्यांना दिसलं की उत्तरेत, जिथे कारखाने मजूर ओढून नेतात, तिथे शेतमजुराला आठवड्याला ११ शिलिंग ६ पेन्स मिळतात आणि दक्षिणेत फक्त ८ शिलिंग ५ पेन्स. चांगल्या-वाईट शेतीचं मूळ त्यांना पुष्कळ ठिकाणी कारभाऱ्याच्या कचेरीत सापडलं. शेतीतलं ओ की ठो न कळणारे वकील केवळ भाडेपट्टे लिहितात म्हणून एजंट होऊन बसले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. हेच केअर्ड पुढे १८७८ मध्ये भारताच्या दुष्काळ आयोगावर नेमले गेले. दख्खनमध्ये १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली होती, त्याची चौकशी करायला. आयोगातल्या बहुमताशी त्यांचं जमलं नाही आणि त्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली.

आठ-नऊ शिलिंगांत जगणारा हा मजूर कारभाऱ्याच्या खतावणीत सहसा नावाने येत नाही. त्याचं घर मात्र येतं. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी १८४९ मध्ये रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या नियतकालिकात मजुरांच्या घरांवर लेख लिहिला, नकाशे छापले. वोबर्नच्या आसपास विटांची अशी नीटस घरं आजही उभी आहेत, भिंतीवर मुकुट, ‘बी’ हे अक्षर आणि साल. अशा घरात गुंतवलेल्या पैशावर दोन-तीन टक्के सुटणंही मुश्कील. बेडफर्डला ते परवडत होतं, कारण लंडनच्या ब्लूम्सबरी आणि कोव्हेंट गार्डनमधल्या जागांचं भाडं येत होतं.

इतरत्र चित्र उलटं. गरिबांना पोसायची पट्टी प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर, स्वतंत्र बसत असे. म्हणजे आपल्या पॅरिशमध्ये मजूर राहिला तर तो म्हातारा झाल्यावर खर्च आपल्या शेतांवर. यावर काही कारभाऱ्यांनी काढलेली तोड कागदावर अगदी साधी दिसते: घरं पाडायची. मजुरांनी शेजारच्या, एकच बडा मालक नसलेल्या गावात दाटीवाटीने राहावं, आणि रोज तीन-चार मैल चालत कामाला यावं. १८६५ च्या कायद्याने ही पट्टी पॅरिशऐवजी अनेक पॅरिशांच्या संघावर टाकली, तेव्हा कुठे या पाडापाडीतला फायदा संपला. यात कुणी कुणाचा खून केला नाही, कुणावर खटला झाला नाही. नुसत्या बेरीज-वजाबाकीने गावं उठवली गेली. या पेशाच्या इतिहासातलं हे पान सर्वांत काळं मानावं लागेल, कारण ते चालवणारी माणसं दुष्ट नव्हती, हिशेबी होती.

मतदानातही कारभाऱ्याचा हात असे. १८३२ च्या सुधारणेत ५० पौंड किंवा अधिक खंड देणाऱ्या कुळांना मत मिळालं. त्यातल्या पुष्कळांना पट्टाच नव्हता, वर्षावर्षाने कसत होते. मतदान उघड, नाव पुकारून. नंतर कुणी कुणाला मत दिलं याची छापील पुस्तकं विकत मिळत. कारभाऱ्याला धमकी द्यायची गरजच नव्हती. निवडणुकीआधी एकदा घोड्यावरून चक्कर मारून मालकाचा कल काय आहे एवढं सांगितलं की झालं. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. सशांचा प्रश्न सुटायला आणखी आठ वर्षं लागली. १८८० च्या कायद्याने कुळाला आपल्या शेतातले ससे मारायचा हक्क दिला, आणि कारभारी-गेमकीपर यांच्यातलं जुनं वितुष्ट थोडं निवळलं. कारभाऱ्याला पीक हवं, गेमकीपरला शिकार. आणि मालकाचे कान बहुधा गेमकीपरकडे.

आवाका आणि ताकद या दोन्ही दृष्टींनी जेम्स लॉक यांच्याइतका मोठा कारभारी या काळात झाला नाही. एडिनबराला वकिली शिकलेले लॉक १८१२ मध्ये मार्क्विस ऑफ स्टॅफर्ड, म्हणजे पुढचे पहिले ड्यूक ऑफ सदरलंड, यांच्या इस्टेटीचे प्रमुख झाले आणि मरेपर्यंत, १८५५ पर्यंत, तिथेच राहिले. इंग्लंडमधली शेतं, स्कॉटलंडचं टोक, ब्रिजवॉटर कालवा, सगळं त्यांच्या हाताखाली. शिवाय बरीच वर्षं पार्लमेंटचे सभासद. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे निघू लागली तेव्हा कालव्याचं उत्पन्न बुडेल म्हणून मालकाचा विरोध होता. शेवटी मार्क्विसांनी एक लाख पौंडांचे शेअर घेऊन दोन्हीकडे पाय ठेवला. त्या सौद्यात लॉक होते.

त्यांचं नाव स्कॉटलंडात मात्र शिवी दिल्यासारखं घेतलं जातं. सदरलंडच्या दऱ्यांतून हजारो माणसं उठवून समुद्रकाठी बसवली गेली आणि रिकाम्या दऱ्या शेव्हियट मेंढ्यांच्या मोठ्या शेतकऱ्यांना दिल्या गेल्या. हे बहुतेक १८२१ पूर्वीच उरकलं होतं. घरं पेटवून माणसांचे जीव घेतल्याच्या आरोपावरून इस्टेटीचा फॅक्टर पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ मध्ये इन्व्हर्नेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. ज्या दऱ्या त्याने रिकाम्या केल्या, त्यांतल्या जमिनीचा मेंढपट्टा त्याच्याच नावे होता. लॉक यांनी १८२० मध्ये या ‘सुधारणां’चा वृत्तांत पुस्तकरूपाने छापला. रस्ते, पूल, बंदरं, गावं यांचे त्यातले आकडे अव्वल दर्जाचे आहेत. घर सोडायला लावलेल्या माणसाने ते वाचायचे कसे, याची चिंता त्या पुस्तकाला नाही.

आयर्लंडमध्ये कारभारी पिस्तूल बाळगून फिरत. लॉर्ड अर्न यांचे मेयो परगण्यातले एजंट कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट यांच्या कुळांनी १८८० मध्ये खंडात २५ टक्के सूट मागितली. मालकाने दहा टक्के देऊ केली. बॉयकॉट यांनी घरं खाली करायच्या नोटिसा काढल्या. त्यावर लँड लीग या कुळांच्या संघटनेच्या सांगण्यावरून घरचे नोकर निघून गेले, लोहार येईना, दुकानदार माल देईना. पीक काढायला उत्तरेतून ५० माणसं आली आणि त्यांच्या राखणीला हजारेक सैनिक. पाचशे पौंडांच्या आतबाहेरच्या पिकासाठी दहा हजार पौंडांचा चुराडा झाला. १ डिसेंबरला बॉयकॉट कुटुंब आयर्लंड सोडून निघालं. पुढे पाव शतकाने पुण्या-मुंबईच्या सभांतून टिळक ज्या शस्त्राचा पुकारा करत होते, त्याचं इंग्रजी नाव या गृहस्थांचं. स्वतः बॉयकॉट नंतर इंग्लंडमध्ये सफोकला दुसऱ्या इस्टेटीवर एजंट म्हणून रुजू झाले. दुसरा धंदा त्यांना येत नव्हता.

दरम्यान पेशा सुशिक्षितही होत चालला होता. सायरेन्सेस्टरचं शेतकी कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं. द्विजेंद्रलाल राय नाटकं लिहू लागण्यापूर्वी तिथे शिकून आले, आणि बडोदे सरकारने खासेराव जाधवांना शेतीच्या शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं. १८६८ मध्ये जॉन क्लटन यांच्या अध्यक्षतेखाली सर्व्हेयर्स इन्स्टिट्यूशन निघाली, १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली. सुताराच्या मुलाने कारभारी व्हावं, हे यानंतर अवघड होत गेलं. जमीनदारांचे धाकटे मुलगे आणि निवृत्त कॅप्टन या खुर्चीकडे वळू लागले. बड्या इस्टेटीवर वर्षाला हजार पौंडांच्या वर पगार, घर, घोडा. नोकरी असली तरी ताठ मानेची.

आणि मग १८७९ उजाडलं. वसंतापासून हिवाळ्यापर्यंत पाऊस थांबला नाही. गहू उभ्यानेच कुजला, मेंढ्या यकृताच्या रोगाने लाखांनी मेल्या. असं वर्ष पूर्वी आलं की पीक कमी आणि भाव जास्त, त्यात शेतकरी कसाबसा तरून जाई. या वेळी अमेरिकेच्या मैदानांतला गहू रेल्वेने आणि आगबोटीने दारात येऊन पडला होता. १८७७ मध्ये गव्हाचा सरासरी भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलच्या मापाला, ५६ शिलिंग ९ पेन्स होता. १८९४ मध्ये तो २२ शिलिंग १० पेन्स झाला. १८८२ मध्ये न्यूझीलंडहून गोठवलेलं मटण घेऊन ‘डनेडिन’ हे जहाज आलं आणि मेंढ्यांचाही भरवसा गेला.

कारभाऱ्याचं खरं कसब इथे लागलं. वसुली कुणालाही करता येते. वसुली कुणाची आणि किती दिवस करायची नाही, हे ओळखायला माणूस आणि माती दोन्ही कळावी लागतात. थकलेल्या कुळाला बाहेर काढलं तर शेत पडीक राहणार, वर्षभरात तणाने भरणार, मग फुकटही कुणी घेणार नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर उठून जाहीर करायचं की या वेळी मालकांनी कृपाळूपणे दहा टक्के, पंधरा टक्के खंड सोडला आहे. टाळ्या पडत. कायमचा खंड मात्र कमी करायचा नाही, ‘या खेपेपुरती’ सूट द्यायची. भाव वर आला की वहीतला जुना आकडा जागेवर असावा. भाव वर आला नाही. खेपेपुरती सूट वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी जुना आकडा खोडून नवा लिहावा लागला. हे पत्र मालकाला लिहिणं वसुलीपेक्षा कठीण. मालकाला लंडनमधला खर्च कमी करायचा नसतो, आणि त्याचे मित्र क्लबात त्याला सांगत असतात की तुझा एजंट मऊ आहे.

लंडनपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एसेक्सच्या जड चिकणमातीत सर्वांत वाईट हाल झाले. नळ्यांवर घातलेलं कर्ज अजून फिटायचं होतं आणि शेतं ओस पडत होती. तिथल्या एजंटांनी स्कॉटलंडात जाहिराती दिल्या. एअरशरचे गवळी-शेतकरी बायकामुलं, गायी, अवजारं असं सगळं बिऱ्हाड आगगाडीत घालून दक्षिणेत उतरले. गहू सोडून त्यांनी गवत लावलं, बायको-मुलीही धारा काढायला बसल्या. एसेक्सच्या जुन्या शेतकऱ्यांना हे जरा हलकं वाटलं. पण खंड वेळेवर देणारे आता तेच होते.

त्याच एसेक्समधल्या टर्लिंगच्या इस्टेटीचे मालक लॉर्ड रेले हे पदार्थविज्ञानात रमलेले गृहस्थ. आकाश निळं का दिसतं याचं गणित त्यांनी मांडलं, आणि आरगॉन वायूच्या शोधाशी निगडित कामाबद्दल १९०४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १८७६ मध्ये त्यांनी जमिनीचा कारभार धाकट्या भावाच्या, एडवर्ड स्ट्रटच्या हाती सोपवला. स्ट्रट जेमतेम बाविशीचा. एकेक कूळ हात टेकून निघून जात होतं, आणि हा एकेक शेत स्वतःच्या ताब्यात घेत होता. गव्हावरची भिस्त कमी करून त्याने गायी वाढवल्या आणि दूध रेल्वेने लंडनला धाडलं. प्रत्येक शेताचा हिशेब वेगळा आणि बारीक ठेवला. १८८५ मध्ये चार्ल्स पार्करबरोबर त्याने दुसऱ्यांच्या इस्टेटी सांभाळणारी कंपनीही काढली. ती आजही चालू आहे.

सगळ्यांना स्ट्रट मिळाला नाही. १८८२ च्या कायद्याने बांधलेल्या जमिनी विकायची मुभा दिली होती, पण घेणारा कोण? १८९४ मध्ये अर्थमंत्री हारकोर्ट यांनी मृत्युकर बसवला, म्हणजे मालक गेला की वारसाने आधी सरकारचा वाटा द्यायचा. बेडफर्डच्या अकराव्या ड्यूकनी १८९७ मध्ये आपल्या इस्टेटीचे हिशेब पुस्तक करून छापले, शेतजमीन आता फायद्याची राहिली नाही हे दाखवायला. पुढच्याच वर्षी त्यांनी रोलंड प्रोथेरो यांना प्रमुख एजंट नेमलं. प्रोथेरो ऑक्सफर्डचे विद्वान, एका नामांकित नियतकालिकाचे संपादक. ड्यूकचा कारभार पाहता पाहता त्यांनी इंग्लंडच्या शेतीचा मोठा इतिहास लिहिला. थॉर्नीची हजारो एकर पाणथळ जमीन, जिचा निचरा बेडफर्ड घराण्याने सतराव्या शतकात सुरू केला होता, ती १९०९ च्या सुमारास विकायला निघाली ती याच प्रोथेरोंच्या कारकिर्दीत. बरीच शेतं तिथल्या कुळांनीच घेतली.

पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या गव्हाची जहाजं बुडवू लागल्या, तेव्हा देशाला अचानक स्वतःच्या शेतीची आठवण झाली. डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी शेतीखातं प्रोथेरोंकडे दिलं. सल्ल्याला एडवर्ड स्ट्रट होते. १९१७ च्या कायद्याने गव्हाला हमीभाव दिला, शेतमजुरांचं किमान वेतन ठरवणारी मंडळं नेमली आणि हमीभावाच्या जोरावर मालकांनी खंड वाढवू नये अशी तरतूद केली. या कायद्यामागची दोन्ही माणसं वर्षानुवर्षं मालकाच्या बाजूने खंड गोळा करत आली होती. हमीभाव १९२१ मध्ये काढून घेतला गेला. तोवर इस्टेट कचेऱ्यांतले नकाशे आणि शेतवार वह्या लिलावाच्या पत्रकांसाठी छापखान्यात जाऊन आल्या होत्या. प्रत्येक शेताला गटाचा क्रमांक, शेजारी एकर, आणि सध्याच्या कुळाचा वार्षिक खंड.